झावळ्यांच्या आड

गाबेस, ९ मार्च

ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मी उत्तर रोज उद्यावर ढकलतोय. खोटं कशाला बोलू. आपल्या गावचा तूहामी वडापची जीप घेऊन इथे आला की मला स्टँडवर गाठतो आणि विचारतो, बहिणीला काही द्यायचंय का. मी म्हणतो, पुढच्या खेपेला. परवा तो म्हणाला, "तिला मी सांगूनच टाकतो तू मेलास म्हणून, म्हणजे बिचारी वाट बघायची तरी थांबेल." म्हणून आज बसलो.

कारण म्हणशील तर काही नाही. मध्ये एकदा कागद घेतला होता, तर खाली बंदरावर एका बोटीचं इंजिन उतरवत होते. ते बघायला गेलो, बोटीच्या मालकाशी ओळख झाली, तो म्हणाला चल समुद्रात, गेलो. त्यात फोन पाण्यात पडला. तसाही फोन असून काय उपयोग, तू बोलायला लागलीस की आई शेजारी बसून सगळं ऐकते आणि मधूनच मला शिव्या घालते. पत्रच बरं.

तू विचारलंस, हे तुझं नवं ऑफिस नेमकं करतं तरी काय. मलाही आधी कळत नव्हतं. हवा तापत चाललीये, पाऊस पडत नाही, हे गाबेसमध्ये लहान पोराला पण माहीत आहे. पण माहीत असून माणूस वागतो तसाच. का वागतो, आणि त्याचं वागणं बदलायचं कसं, हे आमच्या ऑफिसचं काम. आमच्या मोठ्या बाई, मादाम सिहेम, याच विषयाचं शिकून आल्यात. मी फक्त त्यांचे कागद घेऊन दारोदार फिरतो. घंटी वाजवायची, हसायचं, म्हणायचं, एसी जरा कमी लावा, गाडी पाइपने धुऊ नका. लोक फार गोड बोलतात. एका म्हाताऱ्याने मला लिंबू सरबत पाजलं, पाणी वाचवीन असं वचन दिलं, दारावर आमचं हिरवं चिन्ह लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच गल्लीतून जातोय तर हा पाइप घेऊन अख्खा रस्ता धुतोय. मी म्हटलं, हे काय चाललंय. तर मला म्हणाला, "बाळा, आता चिन्ह लावलंय ना, मग अंगण स्वच्छ नको?"

हसू नकोस. ऑफिसात पण तीच गत. एसी इतका लावतात की मादाम शाल गुंडाळून बसतात आणि शालीतूनच आम्हाला समजावतात की उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवायला लोकांना कसं शिकवायचं. एसी कमी करा म्हणायची कोणाची हिंमत नाही.

बोअरचं तू लिहिलंस ते नीट कळलं नाही. आपल्या ऐन बरकात बोअर घ्यायला तर बंदी आहे ना? मग घेतंय कोण? नीट लिही. मी मादामना विचारतो.

आईला सांग जेवतो वेळेवर.

लझहर

*

ऐन बरका, २१ मार्च

लझहर,

तू जिवंत आहेस हे कळून आईला आनंद झाला. तो तिने असा व्यक्त केला की, पत्र लिहायला हात आहेत, मग घरी यायला पाय नाहीत का.

नीट लिही म्हणतोस. तू इथला असून तुला नीट सांगावं लागतं हेच नवल. पण तू घर सोडलंस त्याला आता बराच काळ झाला, आणि तू असताना सुद्धा बागेत किती असायचास ते मला माहीत आहे.

सामायिक विहिरीचं पाणी पाटाने सगळ्यांना मिळतं, आणि आपली बाग पाटाच्या अगदी टेलला, शेवटच्या टोकाला. बाबांनी खजुराची झाडं लावली तेव्हा टेलला असण्याचं दुःख नव्हतं. पाण्याची पाळी ठरल्या दिवशी यायची. आता विहिरीचं पाणी खाली गेलंय आणि ऊन वर गेलंय, दोन्ही एकाच वेळी. झाडाला पूर्वीपेक्षा जास्त पाणी लागतं आणि मिळतं त्याहून कमी. धाऊकाका पाटकरी खांद्यावर फावडं घेऊन येतात, माझ्याकडे न बघता पाटाचं बारं फोडून पाणी सोडतात आणि सांगतात, "मुली, एवढंच आहे." या वर्षी नराचा फुलोरा मादीच्या आधीच फुटला, इतकं लवकर तापलं. मी जपून ठेवलेल्या परागावर काम भागवलं. मसऊदने झाडांवर चढून दिलं. त्याचीही बाग आपल्या शेजारी टेललाच, त्यामुळे आमचं दुःख एक आहे.

आता बोअर. बंदी आहेच. तरी लोक घेतात. वाळू येऊ नये म्हणून आपल्याकडे प्रत्येक बागेला झावळ्यांचं कुंपण असतं, त्याच्या आत कोण काय करतं ते दिसत नाही. दिसलं तरी आपण बघत नाही. बाबा म्हणायचे तसं, शेजाऱ्याच्या घरातलं झाकलेलं उघडं करणारा माणूस कसला. अंधारात कधी तरी गाडीची घरघर ऐकू येते, सकाळी कोणी त्याचं नाव काढत नाही. नंतर एखाद्या कुंपणाच्या वरून सोलरच्या पाट्यांची कड चमकते. सोलर लावलं की पाणी फुकट, मग ते दिवसभर वाहतं. आणि त्यांनी जेवढं खालून ओढलं तेवढं सामायिक विहिरीचं जातं. ती आटली तर पहिले कोरडे होऊ ते आपण. बाबांच्या हातची ही झाडं जातील, लझहर. ती गेली की इथे आई आणि मी कशासाठी राहू, ते तूच सांग.

आई म्हणते आपण पण घेऊ बोअर. मी म्हणते सगळ्यांनी घेतलं तर कोणालाच पुरणार नाही. ती म्हणते, "सगळ्यांनी घेतलंय की. तू बस विहिरीची राखण करत."

मला वाटतं चार-पाच जणांनी घेतलं असेल. तेवढ्यांना थांबवता आलं तर जमेल अजून. तुझ्या बाईंना विचार. माणसं बदलायची कशी याचं शिक्षण त्यांनी घेतलंय ना.

मबरूका

*

गाबेस, ४ एप्रिल

ताई,

बघ, या वेळी लवकर लिहितोय.

मादामना सरळ विचारायला मिळालं नाही, त्या पाहुण्यांमध्ये होत्या. पण नशीब बघ, मी चहा घेऊन आत गेलो तर त्या पाहुण्यांना नेमकं हेच सांगत होत्या. म्हणत होत्या, माणूस उपदेशाने बदलत नाही, भीती घालून तर नाहीच. तो शेजाऱ्याकडे बघून बदलतो. दुसरे काय करतात ते त्याला दिसलं पाहिजे, आणि आपल्यालाही कोणी तरी बघतंय हे त्याला कळलं पाहिजे. जोवर सगळं बंद दाराआड चाललंय तोवर कोणी बदलणार नाही. मी ट्रे धरून उभाच राहिलो, म्हटलं ही तर आपल्या कुंपणांचीच गोष्ट. पुढे पण त्या काही तरी सांगत होत्या, पण तेवढ्यात खिडकीतून दिसलं, चौकात एक टेम्पो बंद पडलाय आणि त्यात उंट उभा. ड्रायव्हर एकटा ढकलतोय आणि उंट वरून बघतोय, जसा काही तोच मालक. कोण थांबेल? मी पळालो खाली. ढकलून ढकलून टेम्पो चालू केला, त्या माणसाने मला गरम मेल्लावी रोटी खाऊ घातली, वर म्हणाला दूझला ये, उंटांचं काम देतो. उंटांचं काम मी केलंय आधी, परत नको.

असो. तर उपाय सोपा आहे. कुंपणं काढा. सगळ्यांना सगळ्यांचं दिसू दे. ज्याने चोरून बोअर घेतलंय त्याला मान वर करता येणार नाही. आपल्याकडचा माणूस उपाशी राहील पण चार लोकांत मान खाली घालणार नाही, हे मादामना नसेल माहीत, पण तुला-मला माहीत आहे. तुम्ही उन्हाळ्याआधी सगळे मिळून पाट साफ करता ना, त्या दिवशी धाऊकाकांना पुढे घाल. त्यांच्या शब्दाला कोण नाही म्हणेल? आणि लगे हाथ सगळ्यांकडून शपथ घ्या, उघड्यावर. उघड्यावर दिलेला शब्द माणूस पाळतो, हे पण मादामच सांगतात. सरबतवाला म्हातारा सोड, तो शहरातला.

मला बाबांसारखं वाटायला लागलंय, सल्ले देतोय म्हणजे.

लझहर

*

ऐन बरका, २३ एप्रिल

लझहर,

तुझ्या सल्ल्याने काम झालं, आणि हे मी लिहितेय यावर माझाच विश्वास बसत नाही.

धाऊकाका आधी तयार नव्हते. म्हणाले, "पोरी, जे झाकलंय ते झाकलेलं असतं त्याला काही कारण असतं." मी त्यांना म्हटलं, तुम्ही दर पाळीला आमच्या बागेत मान खाली घालून येता, दोष तुमचा नसताना. ज्यांचा आहे त्यांना पण जरा घालू द्या की. त्यांनी फावडं खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, बरं.

पाट साफ करायला नेहमीप्रमाणे सगळ्या घरची माणसं आली होती. आम्ही बायका कुसकुस शिजवत होतो. वरच्या बागांपाशी गाळ काढून झाला तेव्हा काका उभे राहिले आणि म्हणाले की वाळूने पाटाकडची कुंपणं वाकलीत, नवी घालायच्या आधी जुनी काढू, सगळ्यांची, आज, मिळून. कोणाला नाही म्हणता येईना. नाही म्हणणं म्हणजे कबूल करणं. पोरं झावळ्या उपटत पुढे निघाली आणि आम्ही मागून चालत.

लझहर, मला चार-पाच वाटले होते. आम्ही पाटाच्या कडेने खाली येत गेलो, आणि बागेमागून बाग, पाइपचं तोंड, सोलरच्या पाट्या, पाण्याने भरलेले हौद. मागच्या अंगाला माळावर नव्या रोपांच्या रांगा, हिरव्या, अशा हिरव्या की आपल्याकडे मी किती तरी वर्षांत बघितल्या नाहीत. ज्यांच्या बागेत काही नव्हतं असे आम्ही इतके थोडे होतो की आपोआप एकमेकांजवळ येऊन चालायला लागलो. ओरडणं नाही, भांडण नाही. नुसते बघत होते सगळे. इतकी शांतता मी मयतीला पण पाहिली नाही. मी म्हटलं, लाजलेत.

टेलला पोचल्यावर काकांनी शपथ घ्यायला लावली. यापुढे कोणी नवं बोअर घेणार नाही, आणि ज्यांचं आहे ते पाळीच्या दिवशीच चालवतील. मसऊदने पहिला हात वर केला. मग एक-एक करून सगळ्यांनी. ज्यांची बोअर होती त्यांनी पण, अगदी मोठ्या आवाजात. नंतर सगळे एका ताटाभोवती जेवले.

आई म्हणाली, "जेवताना तुझ्याकडे कोणी बघत नव्हतं. हिरव्या रोपांकडे बघत होते." तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

तुझ्या बाईंना माझा सलाम सांग. त्यांना म्हणावं, खजूर उतरला की पहिला घड त्यांचा.

मबरूका

*

गाबेस, ७ मे

ताई,

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं, आईचं वाक्य सोडून. आमच्या जेवणाच्या सुट्टीत एकदम सणच झाला. शिपाई मला डॉक्टर लझहर म्हणायला लागलाय. मादाम नेमक्या ट्यूनिसला गेल्यात, आल्या की त्यांना सांगणार. म्हणजे बघ, शिकलेली माणसं इथे कागदांवर कागद छापतात, आणि शाळेतून पळून गेलेल्या माझ्यासारख्याने एक गाव बदललं.

बोटवाला परत भेटला होता. त्याला आता बोट विकायचीये. मासळी राहिली नाही म्हणतो, पाणी कोमट झालंय. मी म्हटलं, जाळं बारीक भोकांचं वापरू नकोस, पिल्लं सोड. तर म्हणतो, "मी सोडलेली पिल्लं पलीकडचा धरतो, मग मी सोडू कोणासाठी?" मी त्याला आपल्या गावाचं उदाहरण दिलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू पुढच्या उन्हाळ्यात." लोक असे असतात बघ, चांगलं झालेलं पटतच नाही.

पुढच्या महिन्यात येईन म्हणतो. नक्की नाही, पण येईन.

लझहर

*

ऐन बरका, १६ जून

लझहर,

तू येणार होतास. नाही आलास ते बरंच झालं.

शपथेनंतर आठवडा गेला असेल आणि बोअरची गाडी आली. दिवसाढवळ्या, मशिदीसमोरून, हॉर्न देत. मला वाटलं रस्ता चुकली. ती वरच्या अंगाच्या एका बागेत शिरली आणि लोक बघायला जमले, लग्नाला जमावं तसे. घरातल्या बायकांनी कामगारांना चहा दिला. ती गाडी तिथून निघाली ती गावाबाहेर गेलीच नाही, शेजारच्या बागेत शिरली. मग दुसरी आली. आता तीन आहेत. कोणी कुंपण घालत नाही. घालायचं कारणच राहिलं नाही. ज्यांनी मोठ्या आवाजात शपथ घेतली होती त्यांनी दुसरं बोअर घेतलं, कारण पहिलं आता पुरत नाही.

मी वेड्यासारखी घरोघर गेले. लोक मला बस म्हणतात, खायला देतात. उन्हाचं बोलतात, पावसाचं बोलतात, पाणी संपत चाललंय हे तर माझ्याआधी तेच म्हणतात. एक बाई माझा हात धरून रडली सुद्धा. तिच्या मागे पंप चालू होता.

मसऊदने अजून घेतलेलं नाही, पण परवा त्याच्या बागेत जागा मोजताना दिसला. मी पाटावरूनच त्याला म्हटलं, पहिला हात तू वर केला होतास.

"केला होता," तो म्हणाला. "तेव्हा मला वाटत होतं की चोर दोन-चार आहेत आणि बाकी आपण सगळे. चालताना कळलं की ते सगळे आहेत आणि बाकी मी एकटा."

मी म्हटलं, एकटा कसा, मी आहे.

"तू आहेस," तो म्हणाला. "तुला नवरा नाही, पोरं नाहीत, भाऊ गाबेसला मजेत आहे. मला घरी गेल्यावर बायको विचारते, सगळं गाव शहाणं आणि तू एकटाच साधू का. काय सांगू तिला? मबरूका, मला वाईट माणूस व्हायचं नाही. पण वेडा पण नाही व्हायचंय."

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. झावळ्या होत्या तोवर चोरी करणारा लाजत होता, आणि न करणाऱ्याला वाटत होतं की आपल्यासारखे खूप आहेत. तेवढ्या एका आडोशावर ही विहीर तगली होती. तो आडोसा मी उपटला. माझ्या हातांनी.

पाळी गेल्या खेपेला आपल्यापर्यंत पोचलीच नाही. धाऊकाकांनी फेऱ्या बंद केल्यात. ते काय करतात माहीत आहे? स्वतःच्या झाडांचे शेंडे छाटून पाझरणारी लाग्मी काढतात आणि किबिलीच्या रस्त्यावर बसून बाटल्या विकतात. ज्या माणसाने पोरांना झाडाला दगड मारू दिला नाही, तो स्वतःच्या झाडांचं काळीज कापून रस पाजतोय. मी गेले तर मला एक ग्लास दिला. म्हणाले, "गोड आहे बघ अजून. वाळून गेल्यावर काय मिळणार होतं?" मी प्यायले. गोडच होती.

तुझ्या बाईंना विचार, आता काय करायचं. काही तरी असेल ना त्यांच्याकडे.

मबरूका

*

गाबेस, ११ जुलै

ताई,

मादामना विचारलं. दोन-तीन दिवस टाळलं, मग विचारलं.

मी सगळं सांगितलं, कुंपणाचं, शपथेचं, तुझ्या मसऊदचं. त्या ऐकत होत्या आणि त्यांनी हळूहळू चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "तुला हे करायला कोणी सांगितलं?" मी म्हटलं तुम्हीच, त्या दिवशी, पाहुण्यांसमोर. तेव्हा कळलं की मी टेम्पो ढकलायला गेलो त्यानंतर त्या काय म्हणाल्या होत्या. म्हणाल्या होत्या की म्हणूनच हे हत्यार सांभाळून वापरा. वाईट वागणारे जास्त असतील तर ते कधीही उघड करू नका. लोक वाईटाला लाजणार नाहीत, त्यांना वाटेल रीतच ही. नेमकं तेवढंच राहिलं ऐकायचं.

मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "लझहर, तू पूर्ण ऐकलं असतंस तरी काय झालं असतं? आणखी दोन-तीन वर्षं." मग म्हणाल्या की त्यांच्या माहेरी मारेथला त्यांच्या भावाने गेल्या साली बोअर घेतलं. घरच्यांना कसं समजवायचं हे त्यांना कळलं नाही. म्हणून आता त्या तिकडे गेल्या की हवापाण्याचा विषयच काढत नाहीत.

तुझ्यासाठी काही उपाय विचारला. म्हणाल्या, बहिणीला सांग मला माफ कर. हे काही उपाय नाही, मला पण माहीत आहे.

ऑफिस बंद झालं. पैसे देणाऱ्यांचं म्हणणं पडलं की लोकांमध्ये फरक दिसत नाही. शेवटच्या दिवशी माणसं आली आणि भिंतीतला एसी उपटून घेऊन गेली. त्या भोकातून समुद्राचा असा छान वारा यायला लागला की आम्ही सगळे खुर्च्या ओढून तिथे बसलो. शिपाई म्हणाला, हे आधी सुचलं असतं तर.

मी दुसरीकडे लागलोय. एका मोठ्या गाडीवर हेल्पर म्हणून. दक्षिणेकडे फिरायचं, आज इथे उद्या तिथे, मला असलंच काम मानवतं. काम कसलं ते भेटल्यावर सांगेन, आत्ता नको. माणसं बरी आहेत. पत्र खोलीच्या पत्त्यावरच दे, मी आलो की मिळेल.

तू बोअर घेऊ नकोस ताई. सगळ्यांनी घेतलं तरी तू नको घेऊस. कोणी तरी एक असावं.

लझहर

*

ऐन बरका, ३ सप्टेंबर

लझहर,

दोन महिने होत आले, तुझ्याकडून काही नाही. तूहामी म्हणतो, खोलीला कुलूप असतं. तरी लिहितेय. लिहायला दुसरं कोण आहे.

कोणी तरी एक असावं म्हणालास. ते एक असणं कसं असतं ते सांगते. सकाळी उठून बागेत जायचं आणि पाटाच्या कोरड्या तळात पडलेल्या भेगांवरून चालायचं. उंचावरच्या झावळ्या बंद छत्रीसारख्या खाली आल्यात. खजूर भरायच्या आधीच सुकून गळतो, पायाखाली खड्यांसारखा वाजतो. डाळिंबं गेली. विहिरीत अजून पाणी आहे म्हणतात, पण ते टेलपर्यंत ढकलायला ना माणूस आहे ना जोर. आणि रस्त्याने जाताना लोक मला फार मान देतात. बायका पोरींना दाखवतात, बघ ही मबरूका, हिने नाही घेतलं बोअर. मग घरी जातात आणि पंप चालू करतात. मला वाटायला लागलंय की मी त्यांच्या उपयोगी पडतेय. गावात एक चांगली बाई आहे ना, मग बाकीच्यांना मोकळीक.

आई आता भांडत नाही. तेच जास्त लागतं. काल नुसती म्हणाली, "तुझ्या बाबांना तू झाडांच्या जागी तत्त्व दाखवणार आहेस का, वर गेल्यावर?"

आणि तुला खरं सांगते, कारण तू वाचणार नाहीस कदाचित. मी पण जागा बघून ठेवलीये. हौदाच्या मागे, बाबांच्या जुन्या अंजिराजवळ. मी कधी बघितली माहीत नाही. सकाळी चालता चालता पाय तिथे थांबायला लागले आणि एक दिवस लक्षात आलं की मी रोज तिथेच थांबते. सगळं कळतंय मला. खाली जे आहे ते आपल्या आज्यापणज्यांच्याही आधीचं पाणी आहे, एकदा उपसलं की परत भरणार नाही, पोरांना उरणार नाही. हे मी झोपेत सुद्धा सांगेन. आणि तरी मला ती जागा पाठ आहे.

हे पत्र मी बागेत बसून लिहितेय, कारण आज शेजारी मसऊदकडे गाडी लागलीये. सकाळीच आली. तो काल रात्री आपल्या घरी आला होता, दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, तुला कळायच्या आधी सांगावं म्हटलं. मी म्हटलं, बरं केलंस. तो जायला वळला आणि परत फिरून म्हणाला की पाणी लागलं तर एक पाइप तुमच्याकडे सोडीन. मी नको म्हटलं नाही. हे सुद्धा लिहून ठेवते.

मधे कुंपण नसल्यामुळे सगळं दिसतं. मनोरा उभा केलाय, खाली चिखल, मशिनची घरघर छातीत वाजते. आई दारात स्टूल टाकून बघत बसलीये. तीन माणसं आहेत. एक म्हातारा मशिनवर, एक जाड माणूस नुसता ओरडतोय. तिसरा पोरगा पाइप धरून उभा आहे, तोंडाला फडकं बांधलेलं, अंगभर राखाडी चिखल. मघापासून तो आमच्या बाजूला पाठ करूनच काम करतोय. जाड माणसाने त्याला दोनदा इकडच्या अंगाने ये म्हणून हाक मारली, तो लांबून वळसा घालून पलीकडून गेला. मला वाटलं, लाजाळू आहे पोरगा, बाया बघतायत म्हणून.

आता मशिन थांबवलंय. चहाची वेळ झाली असेल. त्या पोराने फडकं सोडलं आणि तोंड पुसलं, आणि मी अजून त्याच्याकडे नीट बघते न बघते तोच आई स्टुलावरून उठली. तिने तुला ओळखलं. तिला फक्त एवढंच दिसतंय की तिचा पोरगा घरी आला. ती मला हाक मारतेय, मबरूका, चहा टाक, त्या सगळ्यांनाच बोलाव, लझहर आलाय.